शंका-समाधान : घरी बांधलेला मॉड्युलर सिंथेसायझर

या वेळची बहुतेक पत्रं मॉड्युलर सिंथ (सुटी मॉड्यूलं तारांनी जोडून आवाज घडवणारं वाद्य) स्वतः बांधणाऱ्यांची आहेत. उत्तरं देताना युरोरॅक या प्रचलित पद्धतीची मापं गृहीत धरली आहेत : पॅनेलची उंची १२८.५ मिलिमीटर, रुंदीचं एकक ५.०८ मिलिमीटर, पुरवठा अधिक १२ आणि उणे १२ व्होल्ट, साडेतीन मिलिमीटरचे मोनो जॅक आणि स्वरासाठी एका सप्तकाला एक व्होल्ट. हा शेवटचा संकेत रॉबर्ट मूग यांनी १९६० च्या दशकात रूढ केला. बाकीची चौकट डीटर डोप्फर यांच्या ए-१०० मालिकेतून १९९० च्या दशकाच्या मध्यात आली. तक्रार आवाजाची असते, पण दोष बहुधा पुरवठ्यात नाहीतर दोन मॉड्यूलच्या मधल्या जोडणीत निघतो. म्हणून त्या प्रश्नांना जागा जास्त दिली आहे.

प्रश्न : सोल्डरिंग येतं, दोन-चार छोटे किट जोडून झाले आहेत. सिंथमध्ये सुरुवात कशानं करावी? ऑसिलेटरनं करावी असं वाचलं.

उत्तर : ऑसिलेटर (लहर निर्माण करणारं सर्किट) करा, पण व्होल्टेजवर सुरात चालणारा ऑसिलेटर, म्हणजे व्हीसीओ, इतक्यात नको. तो सगळ्यात हट्टी प्रकार आहे आणि तो तपासायला लागणारी बाकीची मॉड्यूलं अजून तुमच्याकडे नाहीत. आधी ब्रेडबोर्डवर सीडी४०१०६ ही आयसी, ९ व्होल्टची बॅटरी, १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर, १०० के (किलोओहम) चं पॉट (नॉबनं फिरवायचा बदलता रेझिस्टर) आणि ४.७ के चा रेझिस्टर एवढंच घ्या. पिन १४ ला बॅटरीची अधिक बाजू, पिन ७ ला ग्राउंड. पिन १ पासून ग्राउंडला कपॅसिटर. पिन २ पासून पिन १ पर्यंत ४.७ के आणि पॉट एकापुढे एक. झाला ऑसिलेटर. पिन २ वर चौकोनी लहर मिळते, साधारण १२० हर्ट्झपासून अडीच हजार हर्ट्झच्या आसपास. आकडे थोडे मागेपुढे होतील, कारण या आयसीचे उंबरठे प्रत्येक उत्पादकाचे वेगळे असतात. कपॅसिटर १० मायक्रोफॅरडचा लावलात (अधिक टोक पिन १ कडे) तर वेग सेकंदाला एक-दोन ठोक्यांवर येतो आणि तोच एलएफओ (इतर मॉड्यूलांना हलवणारी संथ लहर) म्हणून वापरता येतो.

४.७ के गाळू नका. पॉट शून्यावर गेलं की तो नसताना लहर ऐकू येण्याच्या पलीकडे पळते आणि आयसी उगाच तापते. न वापरलेले इनपुट (३, ५, ९, ११, १३ यांपैकी जे रिकामे असतील ते) ग्राउंडला बांधा. सीमॉसचा लोंबकळता इनपुट हवेतला हम उचलतो आणि शेजारच्या ऑसिलेटरला त्रास देतो. आणखी एक : दुकानदार ७४एचसी१४ ‘तीच आहे’ म्हणून देतात. पिनांची रचना तीच आहे, पण ती ६ व्होल्टपर्यंतची आहे. ९ व्होल्टवर ती मरते.

पॉट लिनिअर (बी१००के) असेल तर वरचे सगळे स्वर नॉबच्या शेवटच्या चिमूटभर फिरण्यात कोंबले जातात. लॉग (ए१००के) लावलं तर ते नीट पसरतात, मात्र नॉब उजवीकडे फिरवला की स्वर खाली येतो. ते खटकत असेल तर रिव्हर्स लॉग, म्हणजे सी अक्षराचं पॉट शोधा. ते जरा दुर्मीळ असतं.

यानंतर क्रम असा ठेवा : पुरवठा, मिक्सर, व्हीसीए (व्होल्टेजनं आवाजाची पातळी बदलणारं), एन्व्हलप (स्वराचा चढ-उतार ठरवणारं व्होल्टेज देणारं), फिल्टर आणि मग व्हीसीओ.

प्रश्न : एकाच ४०१०६ वर चार ऑसिलेटर केले. दोन स्वर जवळ आणले की ते एकमेकांना चिकटतात, मधले स्वर मिळतच नाहीत.

उत्तर : एक इन्व्हर्टर पलटला की पुरवठ्याच्या तारेवर बारीक झटका बसतो. दुसरा त्याच क्षणी उंबरठ्याजवळ असेल तर तोही पलटतो, आणि दोघं जोडीनं चालू लागतात. आयसीच्या पिन ७ आणि १४ च्या अगदी लगत १०० नॅनोफॅरड, शेजारी १० मायक्रोफॅरड आणि पुरवठ्याच्या वाटेत १०० ओहम घाला. चिकटणं बरंच कमी होईल, पण पूर्ण जाणार नाही, कारण सहाही इन्व्हर्टर एकाच सिलिकॉनवर आहेत. पूर्ण स्वतंत्र हवे असतील तर प्रत्येकाला वेगळी आयसी. हा दोष मुद्दाम ठेवणारेही पुष्कळ आहेत, आणि कानाला तो वाईट लागत नाही.

ब्रेडबोर्ड लांबलचक असेल तर कडेच्या पुरवठ्याच्या पट्ट्या मध्ये तुटलेल्या नाहीत ना, हेही मल्टिमीटरनं बघून घ्या.

प्रश्न : १२ व्होल्ट एसी अडॅप्टर, दोन डायोड, ७८१२ आणि ७९१२ या रेग्युलेटर आयसी वापरून पुरवठा केला. दोन मॉड्यूलं लावली तोवर ठीक. पाचवं लावलं आणि सगळीकडे घूंऽऽ सुरू झालं. पाचवं मॉड्यूल खराब आहे का?

उत्तर : ते काढून त्याच्या जागी दुसरं कुठलंही तितकंच करंट खाणारं लावून पाहा. घूं तसंच राहील. दोष फिल्टर कपॅसिटरचा आहे. तुम्ही किंमत लिहिलेली नाही, पण १००० मायक्रोफॅरड असावा असं लक्षणांवरून वाटतं.

हिशेब करून बघू. १२ व्होल्ट एसीचं शिखर १७ व्होल्ट, डायोडमध्ये ०.७ गेले, उरले १६.३. रेग्युलेटरला आउटपुटपेक्षा किमान दोन व्होल्ट जास्त लागतात, म्हणजे १४ च्या खाली जायचं नाही. हातात मोकळीक २.३ व्होल्टची. हा हाफ-वेव्ह पुरवठा आहे. त्यात प्रत्येक बाजूचा कपॅसिटर एका आवर्तनात एकदाच भरतो, ५० हर्ट्झला दर २० मिलिसेकंदांनी. मधल्या काळात सगळं करंट कपॅसिटरनंच पुरवायचं. १००० मायक्रोफॅरडमधून ३०० मिलिअँपिअर ओढलं तर २० मिलिसेकंदांत व्होल्टेज ६ व्होल्टनी घसरतं. रेग्युलेटर तिथे हात टेकतो आणि त्याच्या आउटपुटवर दर आवर्तनाला खड्डा पडतो. तोच तुमचा घूं. तीच किंमत ठेवली तर जेमतेम ११५ मिलिअँपिअरपर्यंत निभावतं, म्हणून दोन मॉड्यूलांपर्यंत सगळं ठीक वाटलं. ४७०० मायक्रोफॅरड घातलात तर ३०० मिलिअँपिअरला घसरण १.३ व्होल्टच्या आसपास राहते. कपॅसिटर ३५ व्होल्टचे घ्या. भार नसताना अडॅप्टर छापलेल्या आकड्यापेक्षा बराच जास्त देतो. एक अँपिअरच्या अडॅप्टरकडून प्रत्येक बाजूला ३०० मिलिअँपिअरपेक्षा जास्त अपेक्षा ठेवू नका.

आता हात लावताच आहात तर ७९१२ कडे नीट बघा. तिचे पाय ७८१२ सारखे नसतात. ७८१२ मध्ये क्रम इनपुट, ग्राउंड, आउटपुट. ७९१२ मध्ये ग्राउंड, इनपुट, आउटपुट. शिवाय ७८१२ ची धातूची पाठ ग्राउंडला असते आणि ७९१२ ची इनपुटला. दोघींना एकाच हीटसिंकवर अभ्रकाशिवाय बसवलं की उणे बाजू थेट ग्राउंडला चिकटते. ७९१२ च्या आउटपुटला किमान २५ मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक लागतो, नाहीतर ती स्वतःच ऑसिलेट होते. ७८१२ इतकी नखरेल नाही. दोन्ही आउटपुटांना ग्राउंडशी उलटा असा एकेक १एन४००१ जोडा, म्हणजे चालू करताना एक बाजू आधी उठली तरी दुसरीला उलट दिशेला ओढणार नाही.

पुरवठ्यापासून मॉड्यूलांकडे ग्राउंडची तार जाड घ्या आणि एका मॉड्यूलमधून दुसऱ्यात अशी साखळी करू नका. एलईडी लुकलुकणारा सीक्वेन्सर आणि ऑडिओ मिक्सर एकाच बारीक ग्राउंडवर असले की प्रत्येक ठोक्याला मिक्सरमध्ये टिक ऐकू येते. आणि घरातला मेन्स उघडून ट्रान्सफॉर्मर जोडण्याचा मोह टाळा. बंद डब्याचा एसी अडॅप्टर या कामाला पुरतो.

प्रश्न : पुरवठ्याची रिबन केबल उलटी लागली. वास आला, लगेच काढली. आता काय काय बदलू?

उत्तर : केबलची लाल कड उणे १२ ची. १० पिनांची केबल उलटी लागली तर ग्राउंड मधल्या जागी तसंच राहतं आणि अधिक-उणे यांची अदलाबदल होते. १६ पिनांची उलटी लागणं जास्त वाईट. तेव्हा मॉड्यूलचं ग्राउंड बसच्या (सगळ्या मॉड्यूलांना पुरवठा वाटणाऱ्या पट्टीच्या) अधिक १२ आणि ५ व्होल्ट या दोन्ही पिनांवर जाऊन बसतं. म्हणजे ५ व्होल्टच्या वाटेवर १२ व्होल्ट पोचतात आणि शेजारची निर्दोष डिजिटल मॉड्यूलंही जाऊ शकतात. तुमच्याकडे १६ पिनांचा बस असेल तर तीही तपासा.

सगळ्या आयसी बदला, चालत असल्यासारख्या वाटल्या तरी. पुरवठ्याच्या वाटेवरचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही बदला, कारण उलट व्होल्टेज खाल्लेला कपॅसिटर काही दिवसांनी फुटू शकतो. रेझिस्टर, पॉट, जॅक आणि सिरॅमिक कपॅसिटर बहुधा वाचतात. ट्रान्झिस्टर मल्टिमीटरच्या डायोड रेंजवर एकेक तपासा.

पुढच्या वेळेसाठी दोन्ही वाटांवर मालिकेत १एन५८१९ हा शॉटकी डायोड घाला. त्यात ०.३ व्होल्टच्या आसपास जातात, ते चालतं. अपवाद व्हीसीओचा. डायोडमधली घट करंट आणि तापमानानुसार हलते आणि पुरवठ्यावरून संदर्भ घेणारा व्हीसीओ तिच्याबरोबर हलतो. तिथे वाटेत पॉलिफ्यूज (आपोआप पूर्ववत होणारा फ्यूज) आणि ग्राउंडला उलटा १एन४००१ हा उपाय बरा.

नवं मॉड्यूल पहिल्यांदा चालू करताना दोन्ही पुरवठ्यांत १० ओहमचा रेझिस्टर घालून त्यावरचं व्होल्टेज मोजा. एक टीएल०७२ (दोन ऑप-अँपची आयसी) सुमारे ३ मिलिअँपिअर घेते, म्हणजे दोन आयसींच्या मॉड्यूलला ६० मिलिव्होल्ट दिसायला हवेत. शंभर-दोनशे दिसले तरी घाबरू नका. एक व्होल्ट दिसला तर तत्काळ बंद.

प्रश्न : ट्रान्झिस्टरची जोडी आणि ऑप-अँप वापरून व्हीसीओ केला. खालची दोन सप्तकं सुरात, वर गेलं की स्वर उतरतो. शिवाय संध्याकाळी लावलेला सूर रात्री राहत नाही.

उत्तर : हे दोन वेगळे आजार आहेत, त्यांची औषधंही वेगळी.

आधी तापमान. ट्रान्झिस्टरच्या बेसवर साधारण १८ मिलिव्होल्ट वाढले की कलेक्टरचं करंट दुप्पट होतं, म्हणजे एक सप्तक. एका व्होल्टचे १८ मिलिव्होल्ट करण्याचं काम इनपुटच्या रेझिस्टरांचं. पण ट्रान्झिस्टर एक अंशानं तापला तर त्याच करंटला लागणारं बेसचं व्होल्टेज सुमारे २ मिलिव्होल्टनी कमी होतं. एकटा ट्रान्झिस्टर असेल तर १८ तले २ म्हणजे सेमीटोनपेक्षाही जास्त फरक, एका अंशाला. जोडीतला दुसरा ट्रान्झिस्टर हे खोडून काढतो, मात्र दोघांचं तापमान खरोखर एक असेल तरच. दोन २एन३९०४ असतील तर त्यांच्या सपाट बाजू एकमेकींना चिकटवा, मध्ये उष्णतावाहक पेस्ट, वरून हीटश्रिंक नळी. रेग्युलेटर किंवा एलईडीचे रेझिस्टर त्यांच्यापासून लांब हवेत. एकाच सिलिकॉनवरची जोडी मिळाली तर उत्तमच.

एवढं केल्यावरही १८ मिलिव्होल्ट हा आकडा स्वतः तापमानाबरोबर वाढतो, अंशाला ०.३३ टक्के. संदर्भ स्वरापासून तीन सप्तकं दूर ०.३३ टक्के म्हणजे १२ सेंट (सेंट म्हणजे सेमीटोनचा शंभरावा भाग). कानाला ते कळतं. त्यासाठी अंशाला ३३०० पीपीएमनं वाढणारा टेंपको रेझिस्टर लागतो आणि तो त्या जोडीला टेकलेला असावा लागतो. बोर्डच्या दुसऱ्या टोकाला बसवलेला टेंपको निरुपयोगी. लहर घडवणारा कपॅसिटर सीझीरोजी किंवा पॉलिस्टायरीनचा घ्या. एक्स७आर प्रकारचा सिरॅमिक तापमानाबरोबर बदलतो आणि टिचकी मारली तरी आवाज करतो.

आता वरच्या पट्टीत उतरणं. सॉटूथ ऑसिलेटरमध्ये कपॅसिटर रिकामा व्हायला ठरावीक वेळ लागतो. धरून चला एक मायक्रोसेकंद. १००० हर्ट्झला आवर्तन १००० मायक्रोसेकंदांचं, तिथे हा उशीर ०.१ टक्का, पावणेदोन सेंटही नाही. ५००० हर्ट्झला आवर्तन २०० मायक्रोसेकंदांचं, तिथे तोच उशीर अर्धा टक्का, साडेआठ सेंट. म्हणजे वर जावं तसा उतार वाढतो. बऱ्याच सर्किटांत यासाठी वेगळा हाय-फ्रीक्वेन्सी प्रीसेट (स्क्रूनं लावायचं छोटं पॉट) असतो. तो नसताना सप्तकाच्या प्रीसेटनं वरचे स्वर जुळवायला गेलात तर खालचे बिघडतात, आणि माणूस रात्रभर स्क्रू फिरवत बसतो.

क्रम असा. मॉड्यूल वीस मिनिटं चालू ठेवा. मल्टिमीटरवर नेमके १.००० आणि २.००० व्होल्ट दिसतील असा स्थिर स्रोत घ्या. इथे एक मिलिव्होल्ट म्हणजे सव्वा सेंट. एक व्होल्टला कोर्स (ढोबळ सूर लावायच्या) नॉबनं ११० हर्ट्झ लावा. दोन व्होल्ट द्या. २२० पेक्षा जास्त आले तर सप्तकाचा प्रीसेट किंचित कमी करा, मग परत एक व्होल्टवर या. ११० आता हललेले असतील. ते कोर्सनं परत लावा आणि पुन्हा वर जा. चार-पाच फेऱ्यांत दुप्पट जुळते. मग चार आणि पाच व्होल्टला ८८० आणि १७६० तपासा. फक्त तिथेच उतरत असेल तर हाय-फ्रीक्वेन्सी प्रीसेट. प्रीसेट अनेक फेऱ्यांचा हवा, एका फेरीच्या प्रीसेटवर हे होत नाही.

इतका खटाटोप नको असेल तर एएस३३४० वापरा. ती कर्टिस कंपनीच्या सीईएम३३४० ची प्रतिकृती. मूळ आयसी प्रॉफेट-५ च्या तिसऱ्या आवृत्तीत होती. तापमानाची भरपाई आतच आहे. मात्र उणे १२ व्होल्ट तिला थेट देऊ नका. आत झेनर आहे, म्हणून मालिकेत डेटाशीटमध्ये सांगितलेला रेझिस्टर लागतो. पहिल्या व्हीसीओसाठी आमचं मत हिच्याच बाजूनं आहे.

प्रश्न : एकेकटे दोन्ही व्हीसीओ सुरात आहेत. कीबोर्डचं व्होल्टेज साध्या जोडतारेनं दोघांना दिलं की दोन्ही उतरतात.

उत्तर : कीबोर्डच्या आउटपुटला संरक्षणाचा १ के रेझिस्टर आणि व्हीसीओचं इनपुट १०० के, अशी ही स्थिती दिसते. एकच व्हीसीओ असताना एक टक्का व्होल्टेज त्या १ के मध्ये हरवतं. सप्तकाला १२ सेंट. ते तुम्ही प्रीसेटनं भरून काढलंत, म्हणून सुरात वाटतं. दुसरा जोडला की इनपुट मिळून ५० के होतं आणि तूट दोन टक्क्यांच्या जवळ जाते, सप्तकाला २३-२४ सेंट. बफर असलेलं मल्टिपल (एक सिग्नल अनेकांना वाटणारं मॉड्यूल) बांधा, पण त्याच्या आउटपुटलाही बाहेर १ के ठेवलात तर तीच कथा. १ के फीडबॅकच्या आत घ्या : ऑप-अँपच्या आउटपुटपासून १ के, त्याच्या जॅककडच्या टोकापासून १० के ने उणे इनपुटकडे फीडबॅक, आणि ऑप-अँपच्या आउटपुटपासून थेट उणे इनपुटला ४७ पिकोफॅरड. बफर झाल्यावर दोन्ही व्हीसीओ नव्यानं लावावे लागतील.

प्रश्न : एलएम१३७०० चा व्हीसीए. एन्व्हलप शून्यावर असतानाही आवाज येतो. कंट्रोलचा रेझिस्टर १० के आहे. नॉब पूर्ण चढवल्यावर एक आयसी गेली.

उत्तर : दोन्हीचं कारण पिन १ (दुसऱ्या अर्ध्यासाठी पिन १६). ही पिन ग्राउंडच्या पातळीवर नसते. ती उणे पुरवठ्याच्या दोन डायोड वर, म्हणजे उणे १०.८ व्होल्टच्या आसपास असते. तुमचं एन्व्हलप शून्य व्होल्टवर असलं तरी १० के वर १०.८ व्होल्ट पडतात आणि एक मिलिअँपिअरहून जास्त करंट जातं, मग व्हीसीए बंद कसा होणार? १२ व्होल्ट दिले की २.२८ मिलिअँपिअर. या पिनची कमाल मर्यादा २ मिलिअँपिअर आहे.

उपाय एक ऑप-अँप आणि २एन३९०६. ऑप-अँपचं अधिक इनपुट ग्राउंडला. उणे इनपुटला ट्रान्झिस्टरचा एमिटर आणि एन्व्हलपकडून येणारा ८.२ के. ऑप-अँपचं आउटपुट बेसला. कलेक्टरपासून ६.८ के मधून पिन १. आठ व्होल्टच्या एन्व्हलपला जवळपास १ मिलिअँपिअर मिळेल, शून्याला शून्य, आणि ६.८ के मुळे काहीही झालं तरी २ च्या वर जाणार नाही. उणे व्होल्टेज आलं तर ट्रान्झिस्टर वाचावा म्हणून १एन४१४८ लावा, ॲनोड ऑप-अँपच्या आउटपुटला, कॅथोड उणे इनपुटला.

ऑडिओच्या इनपुटला १०० के आणि ग्राउंडला २२० ओहम ठेवा. पाच व्होल्टचं शिखर ११ मिलिव्होल्टवर येतं, त्याच्या बरंच वर ही आयसी विकृती करते. आउटपुटच्या ऑप-अँपला २२ के फीडबॅक दिलं की पातळी परत मूळच्या जवळ येते. नवी आयसी बसवताना पुरवठा पिन ११ (अधिक) आणि ६ (उणे) वर आहे ना, हे बघा. टीएल०७२ च्या ८ आणि ४ ची सवय इथे घात करते.

प्रश्न : ट्रान्झिस्टरचा नॉइज जनरेटर ९ व्होल्टवर गप्प आहे.

उत्तर : तो बेस-एमिटर जंक्शन उलट दिशेनं फोडून आवाज काढतो, आणि बऱ्याच ट्रान्झिस्टरांत ते सात ते नऊ व्होल्टच्या दरम्यान फुटतं. १२ व्होल्ट द्या. सॉकेट लावून चार-सहा ट्रान्झिस्टर आलटून पालटून पाहा, एकाच पाकिटातलेही कमीजास्त बोलतात.

प्रश्न : सिंथ थेट रेकॉर्डरच्या लाइन-इनला जोडला तर चालेल का?

उत्तर : युरोरॅकची लहर टोकापासून टोकापर्यंत १० व्होल्टची, घरगुती लाइनची ०.९ च्या आसपास. मध्ये १ मायक्रोफॅरड, मग १० के, मग ग्राउंडला १ के. त्या १ के वरून सिग्नल घ्या.

प्रश्न : पॅनेल बसवताना जॅकच्या पायांची सोल्डरिंग तडकते. अर्धे जॅक हलवले की आवाज जातो.

उत्तर : जॅक आणि पॉट आधी बोर्डला सोल्डर करून मग पॅनेलमध्ये कोंबत असणार. क्रम उलटा करा. आधी रेझिस्टर, डायोड, आयसी बेस, सिरॅमिक, ट्रान्झिस्टर, इलेक्ट्रोलिटिक असे बुटक्यापासून उंचाकडे पूर्ण करा. पुरवठ्याचा हेडर बहुधा मागच्या बाजूला येतो, तोही उरकून घ्या. मग जॅक आणि पॉट नुसते भोकांत ठेवा, पॅनेल चढवा, नट हातानं घट्ट करा, सगळं सरळ बसलंय हे बघा आणि त्यानंतरच सोल्डर. आता तडकलेले पाय नुसते इस्त्री फिरवल्यासारखे तापवू नका. जुनं सोल्डर काढा, फ्लक्स लावा, ३५० अंशांच्या आसपास नवं भरा. नाहीतर ड्राय सोल्डर (नीट न धरलेला सांधा) तसंच राहतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं बोर्ड धुवायचा तर पॉट लावण्याआधी धुवा. ते पॉटच्या आत शिरलं की ग्रीस वाहून जातं आणि नॉब खरखरू लागतो.